तुम्ही विचारलंत म्हणून: गाड्या नसलेले रस्ते सापडतात कसे?

कुठल्याही सायकल राइडबद्दल बोलायला लागले की हे विचारणारं कोणीतरी भेटतंच. गाडी नाही, सिग्नल नाही, हॉर्न नाही, असे लांबच्या लांब रस्ते तुम्हाला मिळतात कुठून, आणि आम्हाला झेपतील का? प्रश्न दोन आहेत पण माझं उत्तर एकच आहे, रस्ता निवडायच्या आधी तो मुळात कोणासाठी बांधला होता ते बघा.

म्हणजे असं, की शे-दोनशे किलोमीटरचा सलग रस्ता, त्यावरचे पूल, बोगदे, हे सगळं फक्त सायकलवाल्यांसाठी सहसा कोणी नव्याने बांधत नाही. ते दुसऱ्याच कामासाठी बांधलेलं असतं, पुढे ते काम बंद पडतं आणि वाट उरते. कालव्याकाठची वाट बोटी ओढणाऱ्या खेचरांची, रेल ट्रेल, म्हणजे रूळ काढून केलेली वाट, मालगाड्यांचा, जंगलातला खडीचा रस्ता लाकूड नेणाऱ्या ट्रकचा. त्यांना जेवढा चढ झेपत होता तेवढाच तुमच्या वाट्याला येतो. हे एकदा डोक्यात बसलं ना, की नकाशा बघूनच निम्मा अंदाज येतो.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण अमेरिकेतलं, कारण तिथे कालवा आणि रेल्वे एकमेकांना जोडलेत. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनपासून मेरीलँडमधल्या कंबरलँडपर्यंत पोटोमॅक नदीच्या काठाने चेसापीक अँड ओहायो कालव्याची वाट जाते, साधारण २९७ किलोमीटर. आणि कंबरलँडहून पुढे पिट्सबर्गपर्यंत ग्रेट ॲलेगेनी पॅसेज, २४१ किलोमीटर, हा जुन्या रेल्वेमार्गावरचा, २०१३ मध्ये पूर्ण झालेला. शहरांतले छोटे तुकडे आणि मधली क्रॉसिंग सोडली तर एवढ्या अंतरात गाडी आडवी येतच नाही म्हटलं तरी चालेल.

कालव्याचं काम १८२८ मध्ये सुरू झालं आणि १८५० ला तो कंबरलँडला पोचला. शंभर टनांवर कोळसा भरलेली बोट दोन-तीन खेचरं काठावरून दोराने ओढत न्यायची. आता पाणी काही चढ चढत नाही, म्हणून कालवा सपाट आणि त्याच्या काठची वाटही सपाट. उंची गाठायची असेल तिथे लॉक, म्हणजे दोन दरवाजांमध्ये बोट घ्यायची, पाणी भरायचं आणि तिला वर उचलायचं. असे ७४ लॉक आहेत आणि त्या सगळ्यांची मिळून उंची जेमतेम १८४ मीटर. सायकलवर हे कसं जाणवतं सांगू का, मैलोन्‌मैल पायांना काही कळत नाही आणि मग लॉकजवळ आलं की दोन-तीन पॅडलचा एक छोटासा चढ येतो, बस. तिथे जरूर उतरा आणि कोपऱ्याचे दगड बघा, ओल्या दोरांनी घासून घासून त्यात खाचा पडल्यात, हाताची बोटं घातली तर आत बसतात. मी प्रत्येक वेळी हात लावून बघते.

पण सपाट म्हणजे सोपं असं समजू नका. ही वाट नदीच्या पूरक्षेत्रात आहे, खाली माती, वर झाडांची दाट सावली, पाऊस पडून गेला की दोन-दोन दिवस सुकत नाही. काही भागांवर आता बारीक खडी टाकून छान केलंय पण सगळीकडे नाही. मडगार्ड आणि टायरमध्ये बोटभर जागा ठेवा, नाहीतर चिकणमाती अडकून चाक फिरायचं थांबतं. वाटेवरच्या हॅनकॉक गावाच्या आसपास शेजारूनच एक डांबरी रेल ट्रेल जातो, चिखल फार असेल तर मी सरळ त्यावर जाते, उगाच हट्ट कशाला. आणि पूर हा इथला कायमचा विषय आहे, १९२४ च्या पुरानंतर तर कालव्याची बोटवाहतूकच कायमची बंद झाली. त्यामुळे निघायच्या आधी कुठला भाग बंद आहे ते बघितल्याशिवाय निघू नका.

ही वाट आज आहे ती पण अशीतशी उरलेली नाही. तिथे मोटारींसाठी रस्ता करायचं चाललं होतं. १९५४ मध्ये सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी त्या रस्त्याची बाजू घेणाऱ्या वर्तमानपत्राच्या संपादकांना जाहीर आव्हान दिलं की चला माझ्याबरोबर, पूर्ण वाट चालून बघा आणि मग लिहा. ते स्वतः कंबरलँडपासून वॉशिंग्टनपर्यंत चालले, आठ दिवस, त्यानंतर वारं फिरलं आणि १९७१ मध्ये त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, गाड्या नसलेला रस्ता आपोआप टिकत नाही, कोणीतरी त्यासाठी उभं राहावं लागतं.

रेल्वेचा भाग वेगळा. लोखंडी रुळावर लोखंडी चाक, घर्षण कमी, त्यामुळे जड मालगाडीला दोन टक्क्यांच्या वरचा चढ सुद्धा भारी पडतो, म्हणून इंजिनिअर लोकांनी डोंगर कापले, भराव टाकले, बोगदे काढले पण चढ वाढू दिला नाही. कंबरलँडहून वर ७२९ मीटरच्या जलविभाजकापर्यंत, म्हणजे जिथून पाणी दोन बाजूंना वेगळं वाहतं त्या माथ्यापर्यंत, साधारण ३८ किलोमीटरमध्ये ५४० मीटर चढायचं आहे, म्हणजे सरासरी दीड टक्का सुद्धा नाही. दम लागत नाही, पण पाय मोकळा सोडायला उतारही मिळत नाही, तीन तास एकाच लयीत पॅडल मारायची मनाची तयारी हवी. घाई असलेल्या लोकांना हा भाग कंटाळवाणा वाटतो, मला नाही वाटत. खाली चुनखडीची दाबून बसवलेली बारीक खडी, पाणी पटकन निघून जातं. फक्त वरचा बिग सॅव्हेज बोगदा, सुमारे एक किलोमीटरचा, थंडीत दरवाजे लावून बंद ठेवतात, त्यामुळे हिवाळ्यात प्लॅन करू नका. कालव्याकाठचे पाण्याचे हातपंपही तेव्हा बंद असतात.

आणि जंगल? तिथे लोक फसतात. स्कॉटलंडमध्ये फोर्ट विल्यम ते इन्व्हर्नेस ग्रेट ग्लेन वे नावाची वाट आहे, तिथे थॉमस टेलफर्डचा १८२२ मध्ये खुला झालेला कॅलेडोनियन कालवा आहे, २९ लॉकचा, आणि मधे मोठमोठी सरोवरं. गेअरलॉखी गावापर्यंत कालव्याची वाट, एकदम सपाट, बरोबरचे लोक खूश. मग वाट सरोवराकाठच्या जंगलात शिरते, लाकडाच्या ट्रकसाठी केलेले रुंद रस्ते, जाड खडी, आणि पुढे लॉख नेस सरोवराच्या वरच्या अंगाला तर चढ असे की उतरून ढकलावं लागतं. ट्रकला ताकदवान इंजिन असतं, त्याला चढाची फिकीर नाही, म्हणून रस्ता बांधणाऱ्यालाही नव्हती. तेव्हा जंगलासाठी हलका गिअर पाहिजेच, आणि उतारावर वळणाच्या बाहेरच्या कडेला सुटी खडी साठलेली असते तिथे ब्रेक दाबू नका, आधीच वेग कमी करा. तोडणी चालू असेल तर रस्ता बंद असतो, बोर्ड दिसला की वळसा घ्यायचा, त्यात वाद नाही.

सायकलचं विचाराल तर महागडी ग्रॅव्हल बाइक, म्हणजे खडीच्या रस्त्यासाठीची सायकल, नसली तरी चालतं. ४० एमएम रुंदीचा टायर बसला पाहिजे एवढंच बघा, आणि हवा कमी ठेवा, सत्तरेक किलोच्या माणसाने ३५ पीएसआयच्या आसपास सुरू करावं, सामान असेल तर थोडी जास्त. टणक टायर खडीवर उड्या मारतो आणि मनगटं दुखतात. घंटी लावा, चालणारे दिसले की वाजवून हळू व्हा, त्यांचा मान पहिला.

पहिल्यांदाच जात असाल तर माझं मत, कंबरलँडहून कालव्याकाठाने पॉ पॉ बोगद्यापर्यंत जा, ४७ किलोमीटरच्या आसपास, एका दिवसात आरामात. नदीची सहा मैलांची वळणं टाळायला हा ९५० मीटरचा बोगदा खणायला घेतला आणि १८३६ पासून १८५० पर्यंत काम चाललं. आत वाट अरुंद आणि काळोख, सायकल हातात धरून चालायचं, टॉर्च विसरू नका. सप्टेंबरात गेलात तर पॉपॉची झाडं फळांनी लगडलेली असतात, सीताफळाच्याच कुळातलं झाड आहे, गर तसाच मऊ गोड. जवळच कॅम्पची जागा आहे. परत सायकलवर यायचं नसेल आणि मोठा पल्ला करायचा असेल तर ॲमट्रॅकची, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवासी रेल्वेची, गाडी पिट्सबर्ग, कंबरलँड आणि वॉशिंग्टन तिन्हीकडे थांबते, सायकलची जागा मात्र तिकिटाबरोबरच बुक करा, आयत्या वेळी मिळेलच असं नाही.