तुम्ही विचारलंत म्हणून: पट्टी बदलताना मधे कुठली कॉर्ड टाकायची?

गाण्याच्या मधेच पट्टी बदलायची आहे, पण ऐकणाऱ्याला धक्का बसायला नको, तर मधे कुठली कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन-चार सूर) टाकू? या प्रश्नाला मी वर्षानुवर्षं एका ओळीत उत्तर देत आलो: नव्या पट्टीच्या पंचमावरची सेव्हन्थ, म्हणजे नव्या सा कडे ओढणारी चार सुरांची कॉर्ड टाका, झालं. ते चूक नाही. पण हल्ली ते सांगताना जीभ अडखळते.

मेजरपुरतंच, म्हणजे सगळ्या शुद्ध सुरांच्या सप्तकापुरतंच बोलतो. कीबोर्डवर पांढरी एक म्हणजे सी, काळी एक तिच्या लगेच उजवीकडची. पांढरी एकवरून पांढरी पाचवर जाताना सातातले सहा सूर तेच राहतात, फक्त मध्यम तीव्र होतो. चार साध्या (तीन सुरांच्या) कॉर्ड दोन्हीकडे चालतात. कुठलीही धरा आणि पलीकडे उतरा. पांढरी एकवरून काळी एकवर मात्र दोनच सूर सामायिक, आणि दोन्हीकडे बसणारी साधी कॉर्ड एकही नाही. कीबोर्डवर शेजारी, नात्याने लांबची. हे सगळं मला पाठ होतं. तरीही.

मैत्रीण गात होती, मी कीबोर्डवर. दोन कडवी पांढरी एकमध्ये, शेवटचं पांढरी दोनमध्ये. मधे मी 'जी मेजर' ही पांढरी पाचवरची कॉर्ड ठेवली होती, कारण ती दोन्हीकडची, आणि मग 'ए सेव्हन्थ', म्हणजे नव्या पट्टीच्या पंचमावरची. तालमीत ती सा वर ओळ संपवून लगेच श्वास घ्यायची, त्यामुळे कधीच काही खटकलं नाही. कार्यक्रमात तिचा आवाज असा लागला होता की तो सा सोडवेना. मीही ऐकत राहिलो. जी मेजरवर तो जरा लोंबकळला, पण चाललं. मग मी ए सेव्हन्थ वाजवली. त्या कॉर्डमध्ये काळी एक असते. मैत्रीण पांढरी एक धरून उभी होती.

जे करकरलं ते तिला स्वतःचं वाटलं. सा उतरला असं समजून तिने तो वर ओढला, मग गोंधळून सोडून दिला आणि शेवटचं कडवं जुन्याच पट्टीत उचललं. मी नव्या पट्टीत. दोन ओळी तसेच रेटत गेलो. मग ती थांबली आणि माईकवर म्हणाली, "सॉरी, माझा सूर गेला." मी मान खाली घालून नवा सा दिला.

सूर तिचा गेला नव्हता. मला ते तिथेच कळलं होतं. मी बोललो नाही. ती पुढे "पट्टी बदलणारं गाणं मला नको" म्हणायला लागली, तरी बोललो नाही. बऱ्याच महिन्यांनी सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "मग त्या दिवशी का नाही बोललास?"

माझी बाजू अशी की तालमीत तिने सा तेवढा लांबवला असता, तर मीही काही केलं असतं. पण चांगल्या दिवशी गाणारा लांबवणारच. ते धरून बांधणी करायची नाही, तर मग अरेंजर कशाला हवा?

नंतर मी ती ओळ पंचमावर संपवली. जुना पंचम म्हणजे नव्या पट्टीचा मध्यम. ए सेव्हन्थच्या पोटातही तोच सूर आहे, आणि तिथून अर्धा सूर खाली उतरलं की नवा गंधार. शेवटचं कडवं त्या गंधारावर सुरू केलं. गळा आपण होऊन पलीकडे गेला. गायलं दुसऱ्याच कुणीतरी.

मग काही दिवस मी सगळ्यांना सांगत सुटलो की कॉर्ड सोडा, सांध्यावर गळ्यात कुठला सूर आहे ते बघा. तेही पुरतं पटत नाही. शेवटचं कडवं कसलीही तयारी न करता अर्ध्या सुराने उचललेली गाणी पूर्वी मी आळशीपणात काढायचो. आता त्यातली काही मलाच आवडतात. तिथे धक्काच हवा असतो. शिवाय सा ऐवजी पंचमावर नेल्यावर त्या ओळीतला जीव थोडा गेला, हेही खरं. शब्द संपतात आणि सूर टांगलेला राहतो.

तिचा सा तसाच ठेवून पांढरी चारमध्ये गेलो असतो, तर तोच तिथला पंचम झाला असता, कशाशीच भांडला नसता. पण एक सूर चढवायच्या जागी अडीच सूर चढवावं लागलं असतं, आणि वरच्या ओळींना तिचा आवाज पोचला नसता. ती म्हणते, पोचला असता. गाऊन काही बघितलेलं नाही.