घरातले सहा गठ्ठे

सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागलं की सुरुवातीलाच दोन गोष्टी शिकवतात. साहेबांना चहा कसा लागतो, आणि सहा गठ्ठे कसे लावायचे. पहिली गोष्ट साहेब बदलले की बदलते. दुसरी मात्र मी लागले तेव्हापासून आजतागायत तशीच आहे. आता ई-ऑफिस आलं, फायली पडद्यावर सरकतात, तरी तपासणीला आलेला माणूस आधी विचारतो, ‘सहा गठ्ठे दाखवा.’

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. टेबलावरचा प्रत्येक कागद सहापैकी एका ठिकाणी गेलाच पाहिजे. पहिला गठ्ठा चालू प्रकरणांचा, म्हणजे ज्यावर आपल्यालाच काहीतरी करायचंय. दुसरा प्रतीक्षाधीन. त्यात आपलं काम झालंय, दुसऱ्या कुणाचं उत्तर यायचंय. तिसरा नियतकालिकांचा, ठरलेल्या तारखेला जाणारी मासिक, तिमाही, वार्षिक विवरणपत्रं. चौथा स्थायी आदेशांचा. पाचव्यात काम संपलेली, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणं, आणि सहाव्यात नष्ट करायचे ‘ड’ वर्गाचे कागद. 1980 च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगरला अनिलकुमार लखिना जिल्हाधिकारी होते. त्यांनी कचेरीच्या दप्तराला जी शिस्त लावली ती ‘लखिना पॅटर्न’ म्हणून राज्यभर गाजली. आमचे जुने हेडक्लार्क ते नाव देवाचं घ्यावं तसं घ्यायचे.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वरिष्ठ सहायक आहे. घरी आत्याबाई म्हणजे सासूबाई, हे, आणि लातूरला खोली करून बारावीला असलेली लेक. ह्यांची शेती गावापासून जवळच, त्यामुळे हे अर्धे घरात, अर्धे विहिरीवर.

वेळेचं नियोजन शिकवणारे व्हिडिओ मला लेक पाठवते. पहाटे पाचला उठा, पहिला तास स्वतःसाठी ठेवा. पाचला तर मी उठतेच, पण तो तास कुणाचा, ते नळ ठरवतो. त्या व्हिडिओतल्या माणसाच्या घरी रोज पाणी येत असावं. आमच्या गल्लीत नळ आठ-दहा दिवसांनी येतो, तोही कधी पहाटे, कधी रात्री अकराला. ह्यांची तऱ्हा त्याहून वेगळी. शेतीच्या पंपाला थ्री फेज लाईट पाळीनं मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की हे बॅटरी घेऊन दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जातात आणि घरातलं जेवण-झोप सगळं त्या पाळीच्या मागं सरकतं. मराठवाड्यात निम्मा दिवस आपल्या हातात नसतोच. म्हणून ‘आज काय काय करायचं’ अशी यादी मी करत नाही. कुठलं काम माझ्या हातात आहे आणि कुठलं दुसऱ्याच्या, एवढं आधी वेगळं करते. कचेरीतले पहिले दोन गठ्ठे घरी आणले ते यासाठी.

या दोहोंतला दुसरा गठ्ठा जास्त महत्त्वाचा, असं माझं ठाम मत आहे. लोक चालू कामांचं नियोजन करतात आणि थकतात ते प्रतीक्षाधीन कामांनी. शिलाईला टाकलेले ब्लाउज, दुरुस्तीला दिलेला मिक्सर, वारस नोंदीचा अर्ज, नणंदेला विचारलेली तारीख. यातलं एकही काम आपण करत नसतो, पण सगळी डोक्यात फिरत असतात. रात्री भाकरी थापताना एकदम आठवतं, ‘अगं बाई, मिक्सर!’ आणि त्या वेळी दुकान बंद असतं.

माझ्या वहीत एका पानाला चार रकाने आहेत. काय, कुणाकडे, कधी दिलं, पुन्हा कधी विचारायचं. पहिले तीन कुणीही लिहील. चौथा लिहिला नाही तर वहीचा काही उपयोग नाही. तारीख घातली की तोवर ते काम डोक्यातून काढायची मुभा मिळते, ती मोठी सवलत आहे. कचेरीत याला स्मरणपत्राची तारीख म्हणतात. ह्यांच्यासाठी स्मरणपत्रांचीही उतरंड आहे. पहिलं तोंडी, दुसरं व्हॉट्सअॅपवर, आणि तिसरं अर्धशासकीय, म्हणजे आत्याबाईंच्या मार्फत. अर्धशासकीय पत्र गेलं की गळक्या नळाला दुसऱ्या दिवशी वॉशर बसतो.

‘एवढं काय लिहूलालीस गं रोज?’ आत्याबाई सुरुवातीला विचारायच्या. आता त्याच सांगतात, ‘पिठाची गिरणीवाला उद्या ये म्हणाला, लिहून घे.’

बारावीला पोरगं असलेल्यांसाठी याच पानावरची एक गोष्ट. निकालानंतर प्रवेशाच्या वेळी जातवैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास असे कागद लागतात. यातला प्रत्येक कागद कुणाकडे तरी जाऊन थांबणारा, म्हणजे जन्मजात प्रतीक्षाधीन. जातवैधतेचा अर्ज कॉलेजमार्फत बारावीतच करता येतो. तो तेव्हाच करावा आणि पावतीवरची तारीख वहीत घ्यावी. अभ्यासाचं वेळापत्रक लेक बघते, लातुरात त्याला काही कमी नाही. हे वेळापत्रक आईबापांचं.

नियतकालिकांच्या गठ्ठ्यावर मात्र माझं खरं प्रेम आहे. वीजबिल, विम्याचा हप्ता, गॅस हे त्यातलं किरकोळ. वार्षिक विवरणपत्रं बघा. सुगी झाली की वर्षाची ज्वारी घेऊन, वाळवून, लिंबाचा पाला घालून भरून ठेवायची. उन्हाळ्यात तूर डाळ, मिरच्या, काळा मसाला, पापड, शेवया, कुरडया. मृग लागायच्या आत लोणचं. मार्गशीर्षात येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, त्या दिवशी शेतात पांडव मांडायचे, आंबिल, भज्जी, उंडे न्यायचे. तयारी आदल्या दिवसापासून. पुढल्या वर्षीची येळवस कधी येते ते मी कॅलेंडर हातात पडल्या दिवशी बघते.

यातलं सगळ्यात अवघड प्रकरण कुरडया. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा. पाचव्या दिवशी पहाटे वरचं पाणी ओतून चीक शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत साच्यातून गच्चीवर घालायच्या. म्हणजे पाच दिवसांचं काम, त्यातले चार दिवस पाणी खाणारं, आणि पाचव्या दिवशी मी घरी हवी. शिवाय त्याआधी कचेरीतली मार्च अखेर उरकलेली हवी, कारण मार्चमध्ये आम्ही कोषागारात बिलं टाकायच्या धावपळीत असतो, तेव्हा घरात कुरडयांचं नाव काढायची सोय नसते. 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा झाला, रोजची वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली. शनिवार सगळे मोकळे झाले, ते कुरडयांना फार उपयोगी पडले. एप्रिलातल्या एखाद्या शनिवारी पाचवा दिवस आणायचा, तर गहू मंगळवारी भिजवायचे. मग बघायचं की सोमवारी-मंगळवारी नळ यायचा अंदाज आहे का. नसला तर आठवडा पुढं. नळ सोडणाऱ्या दादांना मी फोन करते तो तेवढ्यासाठीच, आणि तेही आता विचारतात, ‘ताई, कुरडया का?’

पाणी असं मोजून वापरायची सवय इथं सगळ्यांनाच आहे. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. 12 तारखेला पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात आमच्या सगळ्या गल्लीनं कुरडया केल्याच नाहीत, आणि कुणी कुणाला का म्हणून विचारलंही नाही.

स्थायी आदेश कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेत. गॅसचा ग्राहक क्रमांक, वीज मीटरचा नंबर, आत्याबाईंच्या गोळ्या, आणि नळ आल्यावरचा क्रम. सुरुवातीचं गढूळ पाणी टिपाडात, स्वच्छ आलं की आधी रांजण, मग स्वयंपाकाचे हंडे, शेवटी मोटार लावून वरची टाकी. मी कचेरीत असताना नळ आला तर घरी असेल त्यानं वाचून करायचं, मला फोन करायचा नाही. बायकांचा निम्मा वेळ काम करण्यात जात नाही, ‘डाळीचा डबा कुठंय’ याची उत्तरं देण्यात जातो. ते उत्तर दारावर लिहून ठेवा.

कचेरीतल्या दोन गोष्टी मात्र घरी चालत नाहीत. एक गोषवारा. सोमवारी आम्ही मागील शिल्लक, नवीन आवक, निर्गती म्हणजे निकाली निघालेली प्रकरणं आणि अखेरची शिल्लक काढतो. घरात हे करू नये. घराची शिल्लक कधी शून्य येत नाही आणि आकडा बघून उगं डोकं फिरतं. दुसरी गोष्ट मुदत. 2005 च्या विलंब प्रतिबंध कायद्यानं कुठलीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. आमच्या पुढच्या खोलीला रंग कोणता द्यायचा ही फाईल दोन दिवाळ्या ह्यांच्या टेबलावर आहे. ‘विचाराधीन’ असा शेरा मारून हे शेतात जातात.

राहिले शेवटचे दोन गठ्ठे. दर दिवाळीआधी मी कागद चाळते. अभिलेखात ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ तीस वर्षं, ‘क’ त्याहून कमी आणि ‘ड’ वर्षभराचा. सातबारा, खरेदीखत, गुणपत्रिका कायम. वॉरंटी संपलेल्या वस्तूंच्या पावत्या, लग्नपत्रिका, मागच्या सालची खताची बिलं सहाव्या गठ्ठ्यात. कचेरीत नष्ट करायच्या यादीवर साहेबांची मंजुरी लागते. घरात ती आत्याबाईंची लागते आणि त्या देत नाहीत. त्यांच्या ट्रंकेत ऊस घातल्याच्या जुन्या चिठ्ठ्या आहेत, फाटलेली रेशनकार्डं आहेत, सोसायटीच्या कर्जाच्या पावत्या आहेत, ते कर्ज फिटूनही जमाना झाला.

मी एकदोनदा वाद घातला. मग त्यांनी सांगितलं. त्यांचं माहेर किल्लारीच्या बाजूचं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा भावाचं घर पडलं. माणसं वाचली, कागद ढिगाऱ्यात गेले. पुढं जिथं जावं तिथं, तुम्ही तेच कशावरून, असं विचारायचे. भाऊ शेजारच्या गावातून ओळख द्यायला माणसं घेऊन जायचा. ‘तुमच्या हापिसातच इचारायलते ना गं कागद,’ असं म्हणून त्यांनी ट्रंकेला कुलूप घातलं.

ती ट्रंक मी ‘अ’ वर्गात टाकली. वाळवी लागू नये म्हणून खाली विटा दिल्यात, डांबराच्या गोळ्या ठेवल्यात. आत काय काय आहे त्याची यादी झाकणाला आतून चिकटवायची आहे, म्हणजे लागेल तो कागद सापडेल. त्यासाठी किल्ली मागितली आहे. वहीत लिहिलंय : ट्रंकेची किल्ली, आत्याबाईंकडे, दसऱ्याला पुन्हा विचारणे.