सिटिझन पोलिस अकॅडमी : माझा अनुभव

ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी अमेरिकेतल्या अनेक गावांत 'नॅशनल नाइट आउट' असतो. १९८४ पासून चालत आलेला हा कार्यक्रम. रस्ता बंद करून शेजारीपाजारी बाहेर येतात, पोलिस आणि अग्निशमन दलाची माणसं गाड्या घेऊन हजर असतात, मुलं बंबात चढून बसतात. या देशात बरीच वर्षं काढल्यावर गणवेशातल्या माणसाशी मी पहिल्यांदा निवांत बोलले ते तिथं. गाडी चालवताना आरशात पोलिसांचे लाल-निळे दिवे दिसले की पोटात गोळा येतो, असं मी एका अधिकाऱ्याला सांगितलं. त्यानं सिटिझन पोलिस अकॅडमीचा अर्जच हातात ठेवला.

पोलिसांनी सर्वसामान्य लोकांसाठी वर्ग घ्यायचे, ही कल्पना मूळची इंग्लंडची. डेव्हन आणि कॉर्नवॉलच्या पोलिसांनी १९७७ मध्ये अशी रात्रशाळा सुरू केली, १९८५ मध्ये फ्लोरिडातल्या ऑरलँडोनं ती अमेरिकेत आणली. आमच्या शहरात अर्जासाठी अट एवढीच होती की तुम्ही सज्ञान असावं आणि इथं राहत किंवा नोकरी करत असावं. ग्रीन कार्डवाले आम्ही काही जण होतोच. पार्श्वभूमी तपासायला संमती द्यावी लागते आणि जबाबदारीमुक्तीच्या कागदावर सही करावी लागते. फी नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ, कामावरून थेट जाता येईल अशी.

मला सगळ्यात जास्त मिळालं ते ९११ या आणीबाणीच्या फोन क्रमांकाच्या नियंत्रण कक्षात. फोन उचलला की ते आधी पत्ता का विचारतात, हे तिथं बसल्यावर कळतं. फोन तुटला तरी पत्ता असेल तर माणूस पाठवता येतो. मोबाइलवरून जागेचा अंदाज येतो, पण इमारतीतला मजला आणि घर क्रमांक त्यातून नेमका कळेलच असं नाही. समोरची बाई प्रश्नावर प्रश्न विचारत राहते म्हणून फोन करणारे चिडतात, पण तोवर दुसऱ्या टेबलावरून गाडी निघालेली असते. भारतात फोन लावताना ०११-९१ (परदेशी फोनसाठी ०११, भारतासाठी ९१) च्या गडबडीत ९११ लागतो, हे त्यांच्या चांगलंच ओळखीचं होतं. अशा वेळी घाबरून फोन ठेवायचा नाही, 'चुकून लागला' एवढं सांगायचं. नाहीतर ते उलट फोन करतात किंवा गाडीच पाठवतात.

इथून घरी येऊन मी पहिलं काम केलं ते आईसाठी. ती सहा-सहा महिने आमच्याकडे येऊन राहते, दिवसभर घरात एकटी असते. तिच्याकडून घराचा पत्ता इंग्रजीत पाठ करून घेतला आणि 'मराठी' हा शब्द तेवढा स्पष्ट म्हणायला सांगितलं, कारण आमच्याकडच्या केंद्रात फोनवर दुभाषा जोडून देण्याची सोय आहे. ज्यांचे आईवडील येऊन राहतात त्यांनी आपापल्या केंद्रात ही चौकशी करावीच.

गाडी थांबवण्याचा सराव वाहनतळावर, अंधार पडल्यावर होता. भूमिका उलट्या : आम्ही पोलिस, अधिकारी चालक. मागून चालत जाताना आतल्या माणसाचे हात दिसत नाहीत, आणि माझं सगळं लक्ष त्या न दिसणाऱ्या हातांवरच खिळलं होतं. आपल्याकडे पोलिसानं थांबवलं की उतरून त्याच्यापाशी जायची सवय असते. इथं बसून राहायचं, काच खाली करायची, हात स्टिअरिंगवर ठेवायचे. कागद कप्प्यात असतील तर आधी सांगायचं, मग हात घालायचा. 'उतरा' म्हटलं तर मात्र उतरायचं, तो अधिकार सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्येच मान्य केलेला आहे. 'गाडी बघू का?' असं संमती मागणारा प्रश्न आला, तर नम्रपणे नाही म्हणता येतं. हे आम्हाला खुद्द पोलिसांनीच शिकवलं, याचं मला फार अप्रूप वाटलं. मिरांडा निकालाचंही (१९६६) तसंच. 'गप्प राहण्याचा आणि वकिलाचा तुम्हाला हक्क आहे' ही पोलिसांची वाक्यं त्या निकालातून आली. सिनेमे पाहून वाटतं की अटक करताना ती म्हटली नाहीत तर खटलाच कोसळतो. प्रत्यक्षात ती लागतात ताब्यातल्या माणसाची चौकशी करताना.

बळाच्या वापरावरचा वर्ग माझ्या पचनी पडायला वेळ लागला. पडद्यावर प्रसंग सुरू होतो, हातात खोटं पिस्तूल असतं, आणि क्षणार्धात ठरवायचं असतं. त्यानंतर आम्हाला १९८९ चा ग्रॅहॅम खटला समजावला : अधिकाऱ्याची कृती नंतरच्या माहितीवरून जोखायची नाही, त्या जागी असलेल्या विवेकी अधिकाऱ्याच्या नजरेतून जोखायची. पडद्यासमोर उभं राहिल्यावर हे पटतं. पण पळणाऱ्या निःशस्त्र माणसाचं काय, असं मी विचारलं. तेव्हा १९८५ चा गार्नर खटला निघाला : केवळ पळतो म्हणून गोळी घालता येत नाही, त्याच्यापासून गंभीर धोका आहे असं मानायला सबळ कारण लागतं. माझं मत असं की हा वर्ग पोलिसच घेतात, त्यामुळे प्रसंगही तेच निवडतात, आणि गोळी ज्याला लागली त्याच्या घरचं कुणी तिथं बोलायला नसतं. म्हणून वर्गाला जावं आणि प्रश्न घेऊन जावं. आमच्या प्रशिक्षकांनी एकही प्रश्न टाळला नाही, हे आवर्जून सांगते.

राइड-अलाँग म्हणजे गस्तीच्या गाडीत सोबत बसणं. ती रात्र शांत गेली. दुकानाचा खोटा वाजलेला अलार्म, फोन न उचलणाऱ्या एका आजोबांच्या घरी फेरी. ते झोपले होते.

शेवटी प्रमाणपत्र मिळतं, अधिकार कोणताही मिळत नाही. त्यानंतर मी नगर परिषदेच्या बैठकीला गेले. तिथं कुणालाही तीन मिनिटं बोलता येतं. पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण किती काळ ठेवतात आणि ज्याला थांबवलं त्याला ते कसं मिळतं, हे विचारलं. लेखी कळवू म्हणाले आणि कळवलं. सोबत मागणीचा कोरा अर्जही होता. त्याच्या प्रती मी आमच्या मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात वाटणार आहे.