एकच पाळी, दोन रानं: पाण्याच्या ताळेबंदाचा माझा अनुभव

निपाणीच्या बाजूला वेदगंगेच्या काठाला आमचं काळं रान आहे आणि वर माळाला लागून मुरमाड. दोन्हीकडे आडसाली ऊस, वाण आणि खतही तेच. मोटार एकच, त्यामुळे पाण्याची पाळीही एकाच दिवशी, दर आठवड्याला. तरी मार्च लागला की वरचा ऊस दुपारी पानं गुंडाळायचा. म्हणून मातीतल्या पाण्याचा ताळेबंद मांडायला घेतला.

सूत्र सोपं आहे. पाऊस आणि दिलेलं पाणी जमेला. बाष्पीभवन, पिकानं उडवलेलं, वाहून गेलेलं आणि मुळांखाली निचरलेलं खर्चाला. उरतो तो ओलीतला फरक. खरं काम आकडे आपल्या रानातून काढायचं.

भरपूर भिजवून, वर प्लास्टिक झाकून, दोन-तीन दिवसांनी जादा पाणी निचरून वाफसा आला की लोखंडी कडं ठोकून माती काढली. ओलं वजन, मग १०५ अंशांवर २४ तास वाळवून सुकं वजन. फरकाला कड्याच्या आकारमानानं भागलं: काळ्या रानात पाणी ४० टक्के. कोमेजबिंदू, म्हणजे ज्या ओलीखाली पिकाला पाणी ओढता येत नाही ती पातळी, घरी निघत नाही, त्याला १५ बार दाबाचं यंत्र लागतं. तो प्रयोगशाळेतून आला, २२ टक्के. म्हणजे पिकाच्या कामाचं १८ टक्के, दोन फूट मुळांच्या थरात १०८ मिमी. उसाला यातलं ६५ टक्के वापरू द्यायचं, साधारण ७० मिमी. मुरमाडात जेमतेम २६ मिमी, कारण दीड फुटाखाली नुसता मुरूम.

काका म्हणाले, “वजनं कशाला करतोस? मुठीत दाबून बघ की रे. लाडू झाला तर पाणी नको.” काळ्या रानात त्यांची मूठ माझ्या वहीशी बऱ्यापैकी जुळली. वर मात्र ओल असतानाही लाडू बांधत नाही.

खर्चाची बाजू अशी: उन्हाळ्यात बाष्पीभवन पात्रात दिवसाला ७ मिमी, गुणिले पात्राचा गुणांक ०.७, गुणिले भर वाढीतल्या उसाचा गुणांक १.२५, म्हणजे रोज ६ मिमी. खालच्या रानाला पाणी अकरा दिवस पुरतं, वरच्याला चार. आमची पाळी दोघांनाही चुकीची.

पावसाळ्यात हा हिशोब नीट चालत नाही. मातीतल्या पाण्याची तूट, म्हणजे वाफशापेक्षा कमी झालेली ओल, २० मिमीची आणि पाऊस ६० चा, तर उरलेल्या ४० पैकी वाहिलं किती, मुरलं किती हे माझ्याच्यानं वेगळं निघत नाही. तेव्हा तूट शून्य धरून वहीचं नवं पान.

२६ मिमी म्हणजे एकरी लाखभर लिटर. आमची मोटार २०० लिटरचं बॅरल २५ सेकंदांत भरते, म्हणजे पावणेचार तासांचं काम. पण सरीनं एवढं थोडं पाणी सारखं पसरत नाही. तोंडाला तुंबतं, शेवटाला पोचत नाही. म्हणून ठिबक फक्त वरच्या तुकड्याला घातलं. खाली अजून पाटानंच देतो, पण अकराव्या दिवशी.