१०८ वर ड्युटी आणि लहान मुलांचं ट्रेनिंग : माझा अनुभव

मी बीएएमएस, नागपुरात १०८ च्या अँब्युलन्सवर डॉक्टर आहे. अटॅक, अॅक्सिडेंट, साप चावलेले हे आमचं रोजचंच, पण कॉलवर "लहान बाळ आहे" ऐकलं की मी न पायलट दादा (गाडीचे ड्रायव्हर) दोघंही गप्प व्हायचो, म्हणून लहान मुलांच्या इमर्जन्सीचं ट्रेनिंग निघालं तेव्हा मी लगेच नाव दिलं.

पहिल्याच दिवशी सर म्हणाले, स्टेथो नंतर, आधी दारातूनच नीट पहा. मूल आईकडे बघून राहिलं का, की लुळं पडलंय, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जातात का, अंग फिक्कट किंवा निळसर दिसतंय का. अर्ध्या मिनिटात एवढं कळतं न मुलाला हात पण लागत नाही. आणि शुद्धीवर असेल तर त्याला आईच्या मांडीवरून उचलायचं नाही, ऑक्सिजनचा मास्क तिलाच धरायला द्यायचा. मला हे फार पटलं, कारण आधीच धाप लागलेलं मूल अनोळखी माणूस पाहून रडलं की अजून दमतं.

सीपीआरला, म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबायची न श्वास द्यायचा त्याला, मात्र घाम निघाला. तान्ह्या बाळाच्या छातीला दोन्ही हातांनी वेढा घालून दोन अंगठ्यांनी दाबायचं, साधारण ४ सेंटिमीटर, मिनिटाला १०० ते १२० च्या स्पीडने, आणि आपण दोघं असलो तर १५ दाब न २ श्वास. मोठ्यांचं ३० न २ हातात इतकं बसलेलं की सगळे ओरडून मोजत होते. बॅग-मास्कने, म्हणजे तोंडावर मास्क धरून हाताने पिशवी दाबत हवा देताना सरावाच्या बाहुलीची छाती हलेचना, मॅडमनी खांद्याखाली टॉवेलची घडी सरकवली आणि छाती वर आली! बाळाचं डोकं मोठं, सपाट झोपवलं की मान पुढे वाकते न श्वासाची वाट दबते. मुलांचं हृदय बहुतेक वेळा श्वास अडल्यानेच थांबतं, म्हणून ही घडी फार मोलाची.

बीपीचं पण नीट समजलं, मूल खूप आजारी असलं तरी ते बराच वेळ टिकतं न मग एकदम कोसळतं, तोवर थांबायचंच नाही. औषध सगळं वजनावर, हृदय थांबल्यावर द्यायचं अॅड्रेनलिन किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम.

परीक्षा पास झालो. पण १५ न २ करायला दुसरा माणूस लागतो, आणि आमच्या गाडीत तो म्हणजे पायलट दादाच. पुढच्या बॅचला त्यांना पण बसू द्या, असा अर्ज मी वर दिलाय, तोवर गाडी उभी असली की त्यांना मीच शिकवून राहिलोय.