काकांची रेघ आणि अराहामाची शाळा

आमच्या काकांचं चिपळूणच्या बाजारपेठेत कापडाचं दुकान आहे. २६ जुलै २००५ च्या पुरात दुकानात पाणी जिथवर चढलं, तिथे काकांनी भिंतीवर तेलरंगाने आडवी रेघ ओढून ठेवली. पुढची सोळा वर्षं त्या रेघेचा शब्द आमच्या घरात शेवटचा होता. जून लागला की भारी माल रेघेच्या वर जायचा, वीतभर अंतर सोडून. मग आला २२ जुलै २०२१. डोंगरात धो धो पाऊस, वाशिष्ठी आणि शिवनदी दोन्ही फुगलेल्या, त्यात खाडीला भरती. पाणी रेघ ओलांडून माळ्यावर गेलं. ओसरल्यावर आम्ही चिखलातून कापडाची ठाणं ओढून काढत होतो आणि काका पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, "पण मी रेघेच्या वर ठेवलं होतं गं."

ते वाक्य डोक्यातून जाईना. आज मी जपानमध्ये सेंदाईला तोहोकु विद्यापीठात शिकतेय त्याचं कारण तेच आहे. विषय आहे आपत्तीची जोखीम, आणि आपत्तीनंतर वस्ती पुन्हा उभी कशी राहते. फोनवर आत्या विचारते, "म्हणजे तू भूकंप शिकतेस का?" भूकंप थोडा, आत्या. माणसं जास्त.

इथे वर्गात कुणी "नैसर्गिक आपत्ती" म्हटलं की सर थांबवतात. पाऊस नैसर्गिक, भूकंप नैसर्गिक. पण घर कुठे बांधलं, सूचना कुणापर्यंत पोहोचली, जिना चढता न येणाऱ्या आजीला कोण उचलणार, हे सगळं माणसांनी ठरवलेलं असतं. मार्च २०१५ मध्ये याच शहरात संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली आणि २०३० पर्यंतचा जो आराखडा मंजूर झाला, तो सेंदाईच्याच नावाने ओळखला जातो. त्याचा भर आपत्ती आल्यावर धावण्यापेक्षा आधीच जोखीम कमी करण्यावर आहे. वाचताना हे सगळं पटतं. पण मला खरं कळलं ते अराहामाच्या शाळेत.

भुयारी रेल्वेच्या पूर्वेकडच्या शेवटच्या स्टेशनवरून, अराईहून, तिकडे बस जाते. शाळा समुद्रापासून सुमारे ७०० मीटरवर. आजूबाजूला एकेकाळी सुमारे ८०० घरांची वस्ती होती. आता तिथे राहायला परवानगी नाही. ११ मार्च २०११ ला दुपारी २:४६ ला भूकंप झाला आणि ३:५५ ला त्सुनामी इथे पोहोचली. मुलं, शिक्षक आणि गावकरी मिळून ३२० जण या शाळेच्या इमारतीत वर चढून वाचले. हेलिकॉप्टरने त्यांना गच्चीवरून उचललं. इमारत आहे तशी जपून २०१७ पासून लोकांना बघायला खुली केली आहे.

पाणी दुसऱ्या मजल्यावर चढलं होतं. इथे तळमजल्याला पहिला म्हणतात, म्हणजे आपल्या हिशेबाने पहिला मजला. तिथल्या गॅलरीचा लोखंडी कठडा वाकून आत वळलेला आहे. हाताने चाचपून बघावासा वाटला, पण धाडस झालं नाही. शाळेच्या खेळाच्या हॉलमधलं घड्याळ ३:५५ ला थांबलेलं, तेही जपून ठेवलंय. मी त्या घड्याळापुढे बराच वेळ उभी होते, कारण त्या हॉलची गोष्ट मला माहीत होती. आधी ठरलेली आसऱ्याची जागा तो हॉलच होता. घोंगड्या, खाणं, सगळा साठा तिथे. भूकंपाच्या आधीच मुख्याध्यापकांनी आणि गावकऱ्यांनी एकत्र बसून ठरवलं की जमायचं ते मुख्य इमारतीत, आणि साठाही तिच्या वरच्या मजल्यावर न्यायचा. हॉल पाण्याखाली गेला. बर्फ पडणाऱ्या त्या रात्री वर नेलेल्या घोंगड्या कामी आल्या.

मला काकांचा माळा आठवला. चूक त्यांची नव्हतीच. त्यांनी अनुभवावर विश्वास ठेवला, आणि आपण सगळे तेच करतो.

जपाननेही तेच केलं होतं. सेंदाईच्या मैदानात, भातखाचरांच्या काळ्या मातीखाली वाळूचा एक थर सापडतो. तो इ. स. ८६९ च्या त्सुनामीने आणून टाकलेला. प्रयोगशाळेत तसा एक मातीचा नमुना पाहिला : काळं, मग बोटभर फिकट पट्टा, मग पुन्हा काळं. समुद्र पूर्वी इतक्या आत आला होता हे इथल्या भूशास्त्रज्ञांनी २०११ च्या आधीच लिहून ठेवलं होतं. पण माणसाच्या आठवणीतली रेघ त्याच्या खूप अलीकडे होती.

२०११ च्या त्याच त्सुनामीत कामाइशी शहरातल्या उनोसुमाई भागात मात्र वेगळं घडलं. तिथली माध्यमिक आणि प्राथमिक, दोन्ही शाळा धोक्याच्या नकाशावर पाण्याच्या हद्दीबाहेर होत्या. तरी मोठी मुलं पळत सुटली, धाकटी त्यांच्या मागे. ठरलेल्या जागी पोहोचल्यावर शेजारची दरड ढासळताना दिसली, म्हणून ती आणखी वर गेली, आणि तिथून पुन्हा वर. शाळा बुडाल्या, ती पहिली जागाही बुडाली. त्या मुलांना प्राध्यापक तोशिताका काताडा कित्येक वर्षं शिकवत होते. त्यांचा पहिलाच नियम होता : आधी बांधलेल्या अंदाजावर विसंबू नका.

आपल्याकडे निळी पूररेषा, लाल पूररेषा यावर केवढे वाद होतात. बांधकामासाठी त्या हव्यातच. पण दुकानदाराला कुणीतरी हेही सांगायला हवं की रेघ म्हणजे भिंत नव्हे. आणि ते सांगणारं माणूस गल्लीतलंच हवं. बाहेरून आलेल्याचं कोण ऐकतं?

माझा प्रबंध त्यावरच आहे. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर काकांना अराहामाचे फोटो दाखवले. ते कठड्याच्या फोटोवर थांबले. म्हणाले, "साठा वर न्यायचं आधीच ठरलं होतं म्हणतेस?" मग बराच वेळ काही बोलले नाहीत. परवा त्यांचाच फोन आला. समोरच्या भांड्यांच्या दुकानाची माडी पावसाळ्यात रिकामीच असते. गल्लीतले पाच दुकानदार जूनमध्ये माल तिथे हलवणार, आणि मागच्या बोळात एकट्या राहणाऱ्या आजींना पाण्याची सूचना आली की आधी वर न्यायचं, कोणी न्यायचं तेही ठरलंय. भिंतीवर २०२१ ची नवी रेघ ओढायची का, असं काकांनी मला विचारलं. मी म्हटलं, ओढा, पण शेजारी तारीखही लिहा.

माडीची चावी कोणाकडे राहणार, यावर मात्र अजून बोलणी चालू आहेत.