सतरा इंची चाकं आणि करीचं लांब वळण

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी अलाइनमेंट आणि सस्पेन्शनची कामं करते. पोट चालतं रोजच्या गाड्यांवर, जीव अडकलाय तो ट्रॅकवर जाणाऱ्या गाड्यांत. कार्टिंग करून हात बसलेली इकडची पोरं आपापल्या गाड्या घेऊन कोइम्बतूरला जातात, तेव्हा सेटअप बघायला मीही बरोबर असते. इचलकरंजीच्या एका मुलाची स्विफ्ट अशीच माझ्या हाताखालची. बाराशेचं इंजिन, जरा कडक स्प्रिंगा, चांगले ब्रेक पॅड, बाकी सगळं कंपनीचं. या खेपेला तो आला तो नवीकोरी सतरा इंची अलॉय चढवूनच.

"ताई, आता वळणात गाडी कशी धरते बघा," म्हणाला.

मी त्याचा जुना पंधरा इंची सेट टेम्पोत टाकायला लावला. नशिबाने दोन्ही सेटवर एकाच कंपनीचं, एकाच मॉडेलचं टायर होतं. जुन्यावर १९५/५५ आर १५, नव्यावर २०५/४५ आर १७ (आधी रुंदी मिलिमीटरमध्ये, मग बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटी रिमचे इंच). रबर तेच आणि गाडी, ड्रायव्हर, ट्रॅकही तेच, फक्त चाक वेगळं. अशी तुलना करायची संधी सहसा मिळत नाही.

करी मोटर स्पीडवे कोइम्बतूरजवळ चेट्टीपाळयमला आहे. २००३ साली सुरू झालेला, जेमतेम २.१ किलोमीटरचा ट्रॅक. नाव आहे एस. करिवर्धन यांचं. मारुती ८००चं इंजिन घालून ज्यांनी फॉर्म्युला मारुती ही रेसची गाडी उभी केली आणि आपल्याकडच्या कितीतरी पोरांना परवडणाऱ्या पैशात सिंगल सीटर चालवायला दिली, ते हे करिवर्धन. मला या माणसाबद्दल फार आदर आहे. ट्रॅक आखूड आणि वळणावळणाचा असल्यामुळे इथे इंजिनाच्या ताकदीपेक्षा टायर रस्त्याला कसं टेकतंय यावरच वेळ ठरतो.

पहिलं सेशन सतरावर. गडी पिटमध्ये आला तो हसतच. "हात हलवायचा अवकाश, गाडी वळतीय!" यात खोटं काही नव्हतं. पंधराच्या त्या टायरची भिंत १०७ मिलिमीटर उंच, सतराची ९२. भिंत आखूड झाली की स्टिअरिंग फिरवल्यावर ती कमी लवते आणि गाडीचं नाक लगेच आत येतं. ड्रायव्हरच्या हाताला हे इतकं सुखावतं की गाडी जोरात चालली आहे असंच वाटतं. वेळ आणि वेग नोंदवणारा डेटा लॉगर मात्र वेगळं सांगत होता. मागच्या खेपेला पंधरावर काढलेल्या लॅपपेक्षा तो सेकंदाहून अधिक मागे होता.

"टायर अजून तापले नसतील."

तापले होते की नाही ते बघायला सुईचा पायरोमीटर, म्हणजे रबराचं तापमान मोजायचं यंत्र असतं. गाडी थांबल्या थांबल्या वळणात बाहेर राहणाऱ्या पुढच्या टायरच्या रबरात तीन ठिकाणी सुई टोचली. आतल्या कडेला ५८ अंश, मध्ये ७१, बाहेरच्या कडेला ९२. आकडे वाचायची तरी काय गरज, बाहेरच्या खांद्यावर रबराच्या गुठळ्या आल्या होत्या आणि आतली दोन बोटं रुंदीची पट्टी जवळजवळ कोरी होती. सेशनच्या आधी मी टायरच्या खांद्यावरून खाली भिंतीपर्यंत खडूची रेघ मारते. किती घासली गेली त्यावरून टायर किती लोळलं ते कळतं. इथे भिंत लोळली नव्हती. अख्खं टायरच बाहेरच्या कडेवर उभं राहिलं होतं.

स्विफ्टला पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकाच दांड्यावर असलेलं सस्पेन्शन. गाडी वळणात कलते तेव्हा बाहेरचं चाकही तिच्याबरोबर बाहेर झुकतं, आणि या सस्पेन्शनला ते झुकणं पुरतं भरून काढता येत नाही. मऊ गाडी चार अंश कलली तर चाक रस्त्याच्या हिशेबाने तीनेक अंश बाहेर झुकलेलं सापडतं. उंच भिंतीचं टायर यातलं थोडं पोटात घेतं. लवतं, पसरतं आणि आतली कड कशीबशी टेकवून ठेवतं. आखूड, कडक भिंतीला ते जमत नाही. म्हणजे कागदावर रुंद असलेलं टायर वळणात अरुंद होऊन चालत होतं. तसाही टायरचा रस्त्याला टेकणारा तुकडा तळहाताएवढाच. त्याचं क्षेत्रफळ मुख्यतः चाकावरचा भार आणि टायरमधली हवा ठरवते. टायर रुंद केलं की तुकड्याचा आकार बदलतो, आडवा आणि आखूड होतो. त्याचा वळणात फायदा आहेच, पण चाक सरळ उभं राहिलं तर.

दुपारी पंधराचा सेट चढवायच्या आधी आमच्या वर्कशॉपातल्या मामांनी टांगत्या काट्यावर चाकं तोलली. टायरसकट सतराचं एक चाक साडेवीस किलो, पंधराचं साडेचौदा. काटा बिघडलाय म्हणून पोराने स्वतः पुन्हा टांगून बघितलं. प्रत्येक कोपऱ्यावर सहा किलोचा फरक, तोही स्प्रिंगच्या खालचा, म्हणजे स्प्रिंग ज्याला झेलत नाही त्या भागातला. वर स्वस्त ओतीव रिममध्ये धातू असतो कडेला, आसापासून लांब, त्यामुळे चाक फिरवायला आणि थांबवायला जास्त जोर लागतो. कर्बवरून, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावरून गेल्यावर जड चाक उडतं, शॉक अॅब्सॉर्बरला ते पटकन खाली आणता येत नाही, आणि तेवढा वेळ टायर हवेत. ऐंशी-नव्वद हॉर्सपॉवरच्या गाडीला हे सगळं फार महाग पडतं.

पंधरावर तो सव्वा सेकंद लवकर आला. वळणात शिरताना आळशीपणा जाणवला, तशी कुरकुरही केली. पण लांब वळणाच्या मधोमध सतरावर ०.९४ जी (बाजूचा जोर, गुरुत्वाकर्षणाच्या पटीत) मिळत होते, ते इथे ०.९८ झाले, आणि हळू वळणांतून बाहेर पडताना वेग तीन-चार किलोमीटरने जास्त. यातलं सगळं श्रेय वजनाला देणं बरोबर नाही. पंधराच्या चाकाचा बाहेरचा व्यास ५९५ मिलिमीटर, सतराचा ६१६. लहान व्यासामुळे गिअरिंग साडेतीन टक्के आखूड होतं आणि दुसऱ्या गिअरमध्ये गाडी जोमाने उठते. हेही चाकाच्या मापाचंच देणं, फक्त लोक रिमचा आकडा बघतात आणि बाहेरचा व्यास विसरतात.

आता मला सतराला न्याय द्यायचा होता. गाडी जॅकवर घेतली आणि स्ट्रटच्या वरच्या बोल्टच्या जागी कॅम्बर बोल्ट घातले. चाक उभ्या रेषेपासून किती झुकलंय तो कोन म्हणजे कॅम्बर, वरून आत झुकलं तर उणे. उणे अर्ध्या अंशावरची पुढची चाकं उणे सव्वादोनवर नेली. कॅम्बर हलला की टो, म्हणजे चाकांची तोंडं आत की बाहेर वळलीत ते, बदलतोच, म्हणून दोन्ही बाजूंना दोरी ताणून, पट्टीने रिमच्या पुढच्या-मागच्या कडा मोजून टो पुन्हा बांधला. त्या उन्हात मामा आणि मी तासभर जमिनीवर आडवे होतो.

पुन्हा सतरा. या वेळी पायरोमीटर ७४, ७६, ८३ दाखवत होता. लांब वळणात १.०१ जी, आधीच्या पंधरापेक्षाही वर. पोराचा आवाज हेल्मेटमधूनच येत होता. मला मनापासून बरं वाटलं, कारण मोठं चाक वाईट असं मी कधीच मानलेलं नाही. कडक भिंतीच्या टायरला भूमिती नेमकी लागते. ती दिली की ते पैसे फेडतं.

शेवटी त्याच कॅम्बरवर पंधराचा सेट परत लावला. तुलना करताना हे करावंच लागतं, नाहीतर सुधारणा सेटअपची की ट्रॅकवर बसलेल्या रबराची, ते कळत नाही. लांब वळणात पंधरा आता सतराच्या बरोबरीला आलं, लॅपला मात्र अर्धा सेकंद पुढेच. तो अर्धा सेकंद जवळजवळ सगळा हळू वळणांतून बाहेर पडताना मिळत होता. शिवाय पंधरावर गाडी सुटायच्या आधी सांगत होती. स्टिअरिंग हलकं होत जायचं, टायर ओरडायचं, सावरायला वेळ मिळायचा. सतरावर पकड असेपर्यंत भरपूर, आणि गेली की गेलीच. शिकणाऱ्याने कुठलं घ्यावं याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

चहा पिताना त्याने शेवटचा पत्ता टाकला. "पण ताई, फॉर्म्युला वनसुद्धा १८ इंचावर गेली की."

गेली, २०२२ला, तेरावरून. पण तेरा इंची चाकावर टायरची उंच भिंतच अर्धी स्प्रिंग होती. ती आखूड झाल्यावर प्रत्येक टीमने त्या मापासाठी सस्पेन्शन नव्याने बांधलं. चाकं जडही झाली. आणि तो बदल करण्यामागे रस्त्यावरच्या गाड्यांच्या मापाशी जवळीक हे मोठं कारण होतं, वळणातला वेग नव्हे. स्विफ्टमध्ये सतरा इंची रिमच्या आत बसवायला मोठी डिस्क नाही, की खाली उतरवायला तेवढी ताकद नाही. उद्या दोनशे हॉर्सपॉवर आणि मोठे ब्रेक आले तर मीच सतरा सुचवीन.

त्याने बराच वेळ लॉगरचे आलेख एकमेकांवर ठेवून बघितले आणि मग विचारलं, साडेसहा किलोच्या आतली पंधरा इंची रिम कुठे मिळेल. सतराचा सेट त्याने इचलकरंजीत फिरायला ठेवलाय. उणे सव्वादोनवर रोज गाडी चालवली तर टायरची आतली कड लवकर जाते, म्हणून निघायच्या आधी बोल्ट मागे फिरवले, टो परत बांधला आणि ट्रॅकवरच्या बोल्टची जागा मार्करने खूण करून दिली.